बक्कल, पितळी, ८७ ग्रॅम

निवास बिरंजे सकाळच्या एसटीनं आला शिरोळहून.
रुमालाची गाठ दातानं सोडली,
"आजोबांचं हाय. बसऱ्याला होते. काय येईल?"

गुजरीतल्या माझ्या टेबलावर
किंमत सगळ्यात शेवटी येते.
आधी नख. मग भिंग. मग तराजू.
मग जीभ. हो, जीभ लावतो मी पितळेला,
बायको आत गेली की.

ह्या नमुन्याचं खरं ठशाचं असतं,
नक्षी जिथं फुगते तिथं पाठ खोल जाते.
हे मागून सपाट. अंगावर वाळूचे बारीक खड्डे,
कडेची साच्याची रेघ कानशीनं मारलेली.
म्हणजे ओतीव. म्हणजे उद्यमनगर.
चिंचेच्या कोळात घालून म्हातारी केलेली असली
महिन्याला दोन-चार येतातच.

पण कानशीचे ओरखडे उलट्या अंगानं उतरत होते.
तसा डावखुरा मोल्डर मला एकच माहीत,
त्याचा जेवणाचा डबा मी पोचवत होतो.

सुट्टीतली दुपार. भट्टी तापलेली.
एक माणूस उकिडवा बसून
आबांच्या चाळलेल्या काळ्या वाळूवर
बोटानं बिगूल काढतोय. पुसतोय. परत काढतोय.
"खरं गहाण पडलं पोरीच्या लग्नात. सुटलं न्हाई.
घरात कळाय नगो."
आकडा आबांनी आपल्या मनानं जोडला.
पैसे घेतले नाहीत, एवढं पक्कं आठवतं,
आईनं दोन दिवस अबोला धरला होता.

आणि बिगूल उलटं.
दोरीची गाठ खाली, शेंबड्या पोरालाही कळेल अशी चूक.
खोटं करणारासुद्धा असलं करत नाही,
त्याच्यापुढं निदान फोटो असतो.

मी कपाटातलं खरं काढलं,
माझ्याच पोटावर धरलं
आणि मान खाली घातली.

गाठ खाली.

वहीत लिहिलं: ओतीव. नक्कल. ८७ ग्रॅम.
पुढचा रकाना 'कुणी वापरलेलं' असा आहे.
तिथं पेन अडलं, झटकलं, टेबलावर शाई उडाली.

"खोटं हाय न्हवं?" निवास म्हणाला.
त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा.

रुमाल मीच बांधून दिला, दोन गाठी मारून.
"विकू नगंस," म्हटलं.
"चहा घे. गाडी दीडला हाय तुझी."