खोत

आमच्याकडे समुद्र पोत्यातून येतो.
पुण्याहून, एसटीच्या पार्सलनं.
आरओच्या पाण्यात मी तो रात्रभर ढवळतो,
जुन्या कूलरचा पंप लावून,
आणि सकाळी काटा बघतो:
एक पूर्णांक शून्य दोन पाच.
सांगलीत, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
कृष्णेचं पाणी चढणार नाही अशा उंचीवर,
चार फुटांचा समुद्र.

त्यात खोत.
अंगठ्याएवढा, निळा, शेपटी पिवळी,
कोल्हापुरात दीडशेला घेतलेला.
दुकानदार म्हणाला, "चिवट जात, मरणार नाही."
मारतो का, ते मी विचारलं नाही.

डाव्या कोपऱ्यातला भोकाचा दगड त्याचा.
दगडाभोवतीची वीतभर वाळू त्याची.
मग मधली कपार. मग पंपाची सावली.
पाडव्यापर्यंत सगळा सातबारा त्याच्या नावावर.

बाराशेचा फायरफिश आणला,
पुढून पांढरा, मागून पेटलेला, स्वभावानं भित्रा.
दिवे बंद करून, तासभर थेंब थेंब पाणी देऊन सोडला.
सकाळी हीटरच्या मागे उभा,
शेपटी फाटलेली,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

त्रिशला म्हणाली, "आपल्या घरात मुंगी मारत नाही कुणी."
तिला मासे पहिल्यापासून पटलेले नाहीत.
खाण्याच्या डबीवर काय लिहिलंय, तिनं वाचलंय;
ती डबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत येत नाही.
"मग काढा की त्याला."
"कुठं काढू? नदीत सोडला तर
गोड्या पाण्यात संध्याकाळपर्यंत संपेल.
परत दिला तर दुसऱ्याच्या घरी हेच."
ती काही बोलली नाही,
माठाच्या तोंडावर गाळणं बांधत राहिली.

मग बाहेरून काचेला आरसा चिकटवला.
तीन दिवस खोत स्वतःशीच भांडला,
तेवढ्यात फायरफिशनं चार दाणे खाल्ले.
चौथ्या दिवशी खोताला कळलं,
आपण थांबलो की समोरचाही थांबतो.
मला आणि अण्णाला
अठरा वर्षांत ते कळलेलं नाही.
वायंडिंगच्या दुकानात मधे प्लायवूड आहे.
त्याच्या बाजूचा वार्निशचा वास फटीतून इकडे येतो,
तो येत नाही.

मेथी धुवायच्या जाळीत खोताला आठवडाभर कोंडला.
सुटला तो थेट दगडावर,
जामीन मिळालेला माणूस
आधी बांधावर जाऊन येतो तसा.

शेवटी एका रविवारी
काखेपर्यंत हात घालून सगळे दगड उपसले.
मासे बादलीत. फरशीवर खारं पाणी.
भोकाचा दगड उजवीकडे, तोही उलटा.
कपार बुजवली, दुसरीकडे नवी केली.
एकही खूण जागेवर ठेवली नाही.
बोटांवरचे तारेचे चरे मिठानं झोंबत होते.

खोत डाव्या कोपऱ्यात गेला.
तिथं नुसती वाळू.
थांबला.
बराच वेळ थांबला.
मला वाईट वाटलं,
हे त्रिशलाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात क्षमावणी.
अण्णा दरवर्षी येतो, दारातूनच
"उत्तम क्षमा" म्हणतो, मीही म्हणतो,
आणि त्याच्या चपला जिन्यावर वाजतात.
यंदा त्याला आतला निळा उजेड दिसला.
आत आला. काचेवर बोट टेकवलं.
कुठूनसा खोत बाणासारखा आला
आणि बोटावर धडकला.

"आयला! एवढासा तर हाय!"
अण्णा हसला. पुढचा दात पडलाय त्याचा.
कधी पडला?

"दगड हलवले त्याचे," मी म्हणालो.
"मग?"
"चार दिवस गप होता."
"आणि आता?"
आता खोत थर्मामीटरखाली राहतो.
फायरफिश मात्र मधल्या पाण्यापर्यंत येतो,
जेवतो, परत जातो.

अण्णानं बोट काढलं नाही.
त्रिशलानं चहा आणला तेव्हाही
आम्ही दोघं काचेपाशी वाकलेलो.
दुकानाचं कुणी काढलं नाही.
उठताना त्यानं एवढंच विचारलं,
"हे मीठ केवढ्याला पडतं रे?"