प्रतवारी

कारखान्यात माझं काम टेबलावरचं :
अख्खा गर इकडे, पाकळी तिकडे, तुकडा वेगळा,
करपलेला बाजूला.
बोटांना कळतं. डोळे नुसते सोबतीला.

वकील मी तशीच निवडली.

पहिल्यानं मामंजींची ख्यालीखुशाली विचारली,
यंदा आंबा कसा, म्हणाला,
आणि म्हणाला, घरातलं घरात मिटवू या.
करपलेला. बाजूला.

दुसऱ्याची केबिन कणकवलीला, गारेगार.
सहा महिन्यांत आत टाकतो त्याला, म्हणाला,
आगाऊ रक्कम सांगितली,
पावतीचं विचारल्यावर हसला.
दिसायला अख्खा. दाबला की पोकळ.

तिसरी तुळसकर बाई.
वेंगुर्ल्यात, मच्छी मार्केटच्या मागे, जिना चढून,
खाली झेरॉक्सवाला.
तिनं आधी दार लोटलं, मग पंखा बंद केला,
कारण कागद उडत होते.
"फुकटातलो वकीलय मिळता बाईमानसाक,
तो होयो तर पत्तो देतंय.
माझ्याकडे आलंस तर हप्ते चालतीत.
केस जिंकून देतंय, असा मी कोणाक सांगनंय नाय."

मी पिशवी खुर्चीला अडकवली.

नाव?
कुठलं सांगू?
माहेरची शेवंती. लग्नात तांदळात लिहिलं मनस्विनी.
त्यानं हाक मारली ती या दोन्हींत नव्हती.
तिनं दोन्ही लिहिली, मधे 'उर्फ'.
ओहोळावरच्या साकवाएवढा शब्द,
एका वेळी एकच माणूस जाईल असा.

मग तारखा.
मला तारखा नव्हत्या. मला होतं
गणपती गेले त्याचा दुसरा दिवस,
होड्या वर ओढल्या ती संध्याकाळ,
धाकट्याला गोवर होता ती रात्र.
"रड," म्हणाली, "पण रडता रडता आठव,
गोवराची चिठ्ठी खंय आसा?"
तांदळाच्या डब्यात होती.
डॉक्टरच्या वाकड्या अक्षरात तारीख होती.
ती रात्र एकदम कागदावर आली.

एकदा ती चुकली. शिक्का राहिला,
अर्ज परत, महिना गेला.
मी ओरडले. एवढ्या वर्षांत
पहिल्यांदा आवाज चढला, तोही तिच्यावर.
तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, चूक माझी.
मला पुढचं वाक्यच सुचेना.
समोरच्यानं चूक कबूल केल्यावर
काय बोलतात, मला कुठं माहीत.

परत काय काय हवं, त्याची यादी :
बांगड्या चार, शिलाई मशीन,
धाकट्याचा जन्मदाखला. मंगळसूत्र नको.
आणि आडाळी.
"आडाळी?"
"आयेची आसा. तेका नारळ कातूक येणा नाय."
तिनं लिहिलं : आडाळी, लोखंडी, एक नग.

त्याचा वकील मोठ्या आवाजाचा.
"काजूच्या कारखान्यात ना तुम्ही?
तिथल्या तेलानं भाजतं ना?
दाखवा हात."
मी तुळसकर बाईकडे पाहिलं.
ती फाईलच्या नाडीची गाठ सोडवत होती. वर पाहिलं नाही.

दाखवले.
ही बोटं, साहेब, तेलाची. हा तळवाही.
हा अंगठ्याजवळचा, भट्टीवर होते तेव्हाचा,
माझ्याच घाईनं.
मग बाही वर केली, कोपराच्या मागे,
जिथं माझा मलाच हात पोचत नाही.
तेल उडतं, साहेब. ठिपके पडतात.
हा सरळ आहे.
उलथन्याच्या रुंदीचा.

टाइप करणारा थांबला, उलथनं की उलथणं?
न्यायाधीश बाई म्हणाल्या, ती म्हणते तसं लिहा.

पुढची तारीख बावीस.
रजा मांडायला हवी, अर्धी की पूर्ण,
तेवढं बाईला विचारायचं राहिलं.