तिसरं गेट

नाव सापडलं टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटवर.
मालगाडी हलत नव्हती, आणि इनासच्या स्कूटरवर मागं मी,
मांडीत बेस गिटार, गोधडीत गुंडाळलेली.
शेजारी सायकलवरचा भरमा डबे मोजत होता, हँडलवर बोटांनी.
सत्तावन्न, म्हणाला. एकही ठोका न चुकवता.
तिथंच त्याला ड्रमर केला. ड्रम नव्हते अजून.

पहिली कॅसेट आमची आम्हीच काढली. दोनशे प्रती.
कव्हर छापलं शहापूरच्या लग्नपत्रिकेवाल्यानं,
कोपऱ्यातला गणपती काढायला विसरला.
उरलेल्या चाळीस भरमाच्या बहिणीनं उदबत्तीच्या दुकानात ठेवल्या;
अजून मोगऱ्याचा वास येतो त्यांना.

मुंबईहून एक कंपनीवाला आला होता.
कुंदा खाल्ला, परत मागून घेतला, बोटं चाटत म्हणाला,
हिंदीत गा. आणि ड्रमर बदला.
इनासनं त्याला स्टेशनवर सोडलं,
गाडी सुटेपर्यंत थांबलासुद्धा.

मग भाड्याची ट्रॅक्स. खानापूर, गडहिंग्लज, हुबळीचं कॉलेज.
निपाणीत तंबाखूच्या वखारीत वाजवलं,
ध्रुवपदापर्यंत ऐकणारे शिंकून शिंकून लाल,
तरी नाचले, डोळे पुसत. डिझेलपुरते पैसे सुटले.

ड्रमच्या तोंडावर नाव कुठल्या लिपीत,
ह्यावरून दोन कार्यक्रम बंद पडले:
एक ह्यांनी पाडला, एक त्यांनी.
ईरण्णा कानडीत लिहायचा, मी मराठीत फिरवायचो,
इनास दोन्हीत अडखळायचा, आणि अडखळला तिथं चाल लागायची.
शेवटी भरमानं पांढरंच ठेवलं ते तोंड.
उद्यमबागेतल्या फौंड्रीतून थेट यायचा,
त्याच्या काळ्या बोटांचे ठसे तेवढे.

अकरा वर्षं. चार कॅसेटी, एक सीडी, जी कुणी मागितली नाही.
भांडलो नाही आम्ही. इनास गोव्यात हॉटेलात
दुसऱ्यांची गाणी वाजवतो, पगारावर.
ईरण्णा गोकाकला मास्तर.
माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान.

परवा एक पोरगा आला, कानात बाळी,
म्हणाला, तुम्हीच का ते? कॅसेट घेतली,
वाजवायला त्याच्याकडं काही नाही.
वास घेतला आणि खिशात ठेवली.

भरमा येतो रविवारी. उजवा कान गेलाय,
भट्टीनं की आमच्या स्पीकरनं, कोण सांगणार.
काउंटरवर तळहात टेकून बसतो. रात्री मालगाडी जाते
तेव्हा दुकानाची फरशी थरथरते,
आणि त्याची बोटं चालू होतात.

एकोणसाठ, म्हणतो.
दोन वाढीवलेत की गा.