गुरुवारची चादर

अकरा आठवड्यांसाठी आलास, तार्मो,
आणि मी कबूल केलं: दर गुरुवारी
धुतलेली चादर, दोन अभ्रे,
दोन टॉवेल.
कबूल करताना बातुमीला विचारलं नव्हतं.
इथे पाऊस समुद्राकडून येतो
आणि मुक्काम ठोकतो, भाडं न देता.

चादरी माझ्याकडे तीनच.
एक तुझ्या अंगाखाली,
एक कपाटात, साबणाच्या वडीशेजारी,
आणि एक समोरच्या इमारतीपर्यंत गेलेल्या दोरीवर,
सहा दिवस ओली.
कप्पी कुरकुरते. ओढते, चाचपते, परत पाठवते.
बुधवारी रात्री इस्त्रीनेच वाळवते तिला,
वाफ चष्म्यावर.
खालची लामारा म्हणते,
"नाझी, पाहुण्याला काय कळतंय? उलटी करून घाल."
घालता येते. घातलीही आहे, दुसऱ्यांना.

पण पहिल्याच गुरुवारी तू मळकी चादर
घडी करून दाराशी ठेवली होतीस,
चारही कोपरे जुळवून.
त्यानंतर लबाडी जमेना.

लोक म्हणतात, चादर सगळं सांगते.
कुठलं सगळं! थोडंच सांगते.
तू खिडकीच्या बाजूला झोपतोस;
भिंतीकडच्या अर्ध्यावर माझी इस्त्री
आठवडाभर जशीच्या तशी.
हात पुसतोस तिथे क्रेनचं वंगण.
दुसरा टॉवेल कोरडाच परत येतो.
तरी धुते. कबूल म्हणजे कबूल.

सातव्या गुरुवारी भिंतीकडची बाजू चुरगळलेली.
मनात म्हटलं, बरं झालं.
मग म्हटलं, दोघांचं भाडं वेगळं असतं.
मग उशीवरून उचलला एक केस:
आखूड, ताठ, पिवळट.
आणि पायथ्याशी वाळूचे पंजे.

नऊ वर्षांत कुत्र्याला पहिली पायरी चढू दिली नाही मी.
जिना उतरताना शब्द जुळवत होते,
तुला समजतील तेवढ्या रशियनमध्ये, कडक.
लामाराने विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही. तिसरा टॉवेल लागणार आहे.

निळा, कडेला उसवलेला,
मुलाच्या पोहण्याच्या वर्गातला.
खुर्चीवर ठेवला, बाकीच्या दोघांपासून वेगळा.
तू बोलला नाहीस. मीही नाही.
पुढच्या गुरुवारी तो दाराशी,
चारही कोपरे जुळवून,
ओल्या कुत्र्याच्या वासाचा.

आज गेलास. यादी ताडून पाहिली:
चादरी पूर्ण, अभ्रे पूर्ण, निळा नाही.
रक्कम लिहिली. खोडली.

जिन्याखाली, जिथे पाऊस पोचत नाही,
तिथे पसरलेला सापडला,
आणि त्यावर ती, कानात पिवळा बिल्ला,
मी वाकले तरी हलली नाही.

धुवायला हवा. पण सहा दिवस वाळणार नाही,
तोवर ही झोपणार कशावर?
उद्या बाजारातून आणखी एक आणते.
एक अंगाखाली,
एक दोरीवर.