नऊ पॉइंट चार

रिपोर्टवर आकडा छापून आला : नऊ पॉइंट चार.
डॉक्टर बोरस्ते म्हणाले, तीस तरी हवं.
मी म्हटलं, मार्कांत मी पहिल्यापासून मागेच.
ते हसले नाहीत. म्हणाले,
उन्हात कधी असता?

मला आठवावं लागलं.

पौष चालू आहे. साडेपाचला कंपनीची गाडी
म्हसरूळच्या स्टॉपवर येते, तेव्हा
काचेवर बोटानं नाव लिहिता येईल इतकं दव.
मग नऊ तास, सीझनमध्ये अकरा,
प्री-कूलिंगच्या शेजारच्या हॉलमध्ये
डोक्याला जाळी, हातांत मोजे, तोंडाला मास्क,
ट्यूबलाइटच्या उजेडात
घडातले बारके मणी कात्रीनं काढायचे.
सुटतो तेव्हा सूर्य रामशेजच्या मागे गेलेला असतो.
रविवारी धुणं, दळण आणि झोप.

गुडघे ठणकायचे, ते मी थंडीच्या नावावर टाकलं होतं.

माझ्यासमोरच्या क्रेटमध्ये मात्र
ऊन किलोकिलोनं येतं.
रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून
पगार ओरडतो : अठरा!
(सुपरवायझर. आडनावच पगार.
तो उशिरा आला की आम्ही म्हणतो,
याही महिन्यात तसंच.)
अठरा म्हणजे काय ते मला कळतं.
एवढे दिवस ऊन खाल्लं, एवढं अंगी लागलं.

माझं नऊ.

आठवड्याला एक पुडी, दुधातून. साठ हजार युनिट.
साठ हजार हा शब्द घरात पहिल्यांदाच
माझ्या नावावर आला.
चव गोडसर, खडू चघळल्यासारखी.
आणि ऊन, डॉक्टर म्हणाले, अकरा ते दोनमधलं,
वीस मिनिटं, उघड्या हातांवर.
काचेतून आलेलं चालत नाही.
म्हणजे कँटीनच्या खिडकीतलं
नुसतं बघायचं.

गेल्या आठवड्यात निफाडला पारा सहावर उतरला.
लोकांनी बागांत रात्रभर शेकोट्या पेटवल्या.
सकाळी आलेल्या घडांना धुराचा वास होता.
भिवराबाई गांगुर्डे तो हुंगून म्हणाली,
यांच्यासाठी लोक जागतात बघ.

मी तिला रिपोर्ट दाखवला.
तिनं तो उलटासुलटा करून परत दिला
आणि एकच्या सुट्टीत डबा उचलून
सरळ लोडिंग डॉकमागे गेली.
रिकामे क्रेट पालथे घातले. आम्ही बसलो.
एप्रन काढले, स्वेटर काढले,
बाह्या कोपरापर्यंत सारल्या.
तीन वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहते,
हात आज पाहिले.
मनगटापासून वर हिरवं गोंदण : तुळस, विंचू,
आणि आतल्या बाजूला एक नाव.
नवऱ्याचं नव्हे.
मी भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी चौघी होतो, शुक्रवारी सात.
पगार आला, घड्याळाकडे बघितलं,
काही न बोलता कानटोपी काढून
भिंतीला टेकला.
म्हणाला, हा माल रॉटरडॅमला चाललाय.
तिकडं थंडीत म्हणे चार-साडेचारलाच दिवे लागतात.

म्हणजे आपलं ऊन ते खाणार, भिवराबाई म्हणाली.

खाऊ दे, मी म्हटलं.
माझी पुढची तपासणी होळीनंतर.

भोंग्याला अजून पाच मिनिटं होती.
तिनं हात उलटा केला,
तव्यावरची भाकरी उलटावी तसा.