मापांची वही

या बँडचा इतिहास कुणी लिहिला नाही.
माझ्याकडे आहे थोडा,
हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत, इंचांमध्ये.

मनामा, सोनाराला चिकटून वीतभर दुकान,
पाटी 'वसंत टेलर्स'.
वसंत कोण, मला माहीत नाही.
मी आलो तेव्हा मशीनपुढच्या स्टुलावर
त्याची चपटी झालेली उशी होती.

सत्त्याऐंशीच्या मार्चात चौघे आले,
दारात मावेनात एवढे केस.
'डेझर्ट लिपस्टिक', म्हणाले,
हॉटेलच्या तळघरात, रोज दहा ते दोन.
बिबट्याच्या ठिपक्यांचं, रबरासारखं ताणणारं कापड
त्यांनी माझ्या टेबलावर ओतलं.
मी आजवर थोब शिवलेले, नि शाळेचे गणवेश.
"चापूनचोपून बसव मास्टर,
श्वास घेता नाही आला तरी चालेल."

साव्हियो, गिटार, मडगाव. कंबर अठ्ठावीस.
रोडेल, गाणारा, सेबू. सव्वीस.
डर्विन, ड्रम, कोलंबो. चौतीस; बसल्यावर सदतीस.
बेसवाला थंपी. तो हात वर करायला लाजला,
त्याचं माप मी डोळ्यांनीच घेतलं.

सप्टेंबरात रोडेलचा व्हिसा संपला.
दोनपर्यंत गायला, सहाचं विमान.
सकाळी शटर उघडलं तर कडीला पिशवी,
आत पँट, घामानं अजून ओली.
चौथ्या दिवशी नवा गाणारा. तीस!
दोन्ही कडा उसवल्या, काळी पट्टी घातली.
लोकांना वाटलं फॅशन.
महिनाभरात सगळ्यांनाच काळी पट्टी हवी झाली.

मग थंपी गेला, बहिणीच्या लग्नाला, तो गेलाच.
त्याच्या जागी एक, त्याच्या जागी आणखी एक,
एकाचं तर फक्त आडनाव आहे वहीत
आणि पुढे, उधारी दोन दिनार.
साव्हियो नि डर्विन भांडले.
हेअरस्प्रेच्या डब्यावरून, असं सगळे सांगतात.
मला वाटतं पाकिटावरून.
हॉटेलवाला चौघांचा पगार एकाच पाकिटात द्यायचा.

नव्वदच्या ऑगस्टात कुवेतहून फेलिक्स आला,
सगळं सोडून, वाळवंटातून,
हातात ड्रमच्या दोन काठ्या.
मी लिहिलं, पंचवीस.
शेजारी लिहिलं, वाढेल.
त्या हिवाळ्यात सायरन व्हायचे तेव्हा
तळघरातली माणसं तळघरातच असायची,
बँड थांबायचा नाही.
मार्चपर्यंत फेलिक्स एकोणतीस झाला.

ब्याण्णवला दोन डेझर्ट लिपस्टिक.
साव्हियोचा एका हॉटेलात, डर्विनचा समोरच्या.
पोस्टरवर तेच ओठ.
दोघे एकाच संध्याकाळी आले.
एक माझ्यासमोर हात पसरून उभा,
दुसरा बाहेर, सोनाराच्या काचेत बांगड्या बघत.
एकाच ठाणातलं कापड दिलं दोघांना.
खरा कोण, विचारलं नाही.
शिंप्यानं माप घ्यावं, कुणाचं माप काढू नये.

नंतर एक पोरगा आला, बँडमधलाच म्हणे,
ढगळ चौकड्यांचा शर्ट, जीन्स गुडघ्यावर फाटलेली.
मी सुईत दोरा ओवला.
"राहू दे मास्टर, ती अशीच असते."
तेव्हा मला कळलं.
ठाणातलं उरलेलं कापड
मी इस्त्रीच्या फळीवर ताणून बसवलं.

रोडेलची पँट आहे अजून.
सात कमरा झाल्या तिच्या,
कधी पट्टी, कधी चिमटी,
मूळचे ठिपके आता फक्त मागे, तळहाताएवढे.

परवा सेबूहून फोन.
"मास्टर, माझी पँट आहे का?
मुलीच्या शाळेत कार्यक्रम आहे."
आहे, म्हटलं. कंबर सांग.
बराच वेळ नुसती खरखर.
"तूच सांग, वहीत बघून."

मी वही उघडली. सव्वीस, म्हटलं.
तिकडे कुणीतरी
पोट आत ओढून घेतल्याचा आवाज आला.