वसाहत

सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी काचेच्या बशा धुते.
एकवीस वर्षं झाली.
धुण्याआधी त्या मोठ्या कुकरात घालायच्या,
पंधरा पौंड, वीस मिनिटं,
आतलं सगळं मेलं की मग साबण.

बशीवर उगवलेल्या ठिपक्याला नेवासकर मॅडम वसाहत म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
माझ्या पत्त्याबद्दलच बोलतायत.
जनता वसाहत, पर्वती पायथा.

गौतमी सतरा वर्षांची.
मार्चपासून मी तिचा चेहरा नीट पाहिलेला नाही.
दांडेकर पुलावरून जाणाऱ्या सगळ्या पोरींसारखा
हीसुद्धा स्कार्फ बांधते, डोळे तेवढे उघडे,
पण त्या पोचल्यावर सोडतात. ही सोडत नाही.
घरी आली की तोंड मोरीत,
दिवसातून पाच वेळा साबण,
मग लिंबू, मग टूथपेस्ट,
मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब,
तिनं महिनाभर गाल गुळगुळीत ठेवला
आणि सोडल्यावर पेटवला.
"सगळे जंतू मारून टाकायचेत मला,"
म्हणाली. आरशाला. मला नाही.

मॅडमना विचारलं, हात पुसत.
त्यांनी फळ्यावर एक केस काढला,
केसाच्या मुळाशी विहीर,
विहिरीत पाण्याऐवजी तेल, तळाला हवा नाही.
"इथं राहतो तो. माझ्यात, तुमच्यात,
आयुष्यात एक पुटकुळी आली नाही त्यांच्यातही.
तेल खातो, आंबट सोडतो,
त्या आंबटपणात परके टिकत नाहीत.
पण वयात येताना तेल वाढतं, विहिरीचं तोंड बुजतं,
त्यांच्यातलीच एखादी दांडगट टोळी माजते,
आणि शरीर लाठ्या घेऊन धावून येतं.
लाल दिसतं ना, ते तेच."
"आणि खसाखसा धुतलं तर?"
"तर आधी शेजारी मरतात."

हे मला वेगळं सांगायला नको होतं.
मी आठ वर्षांची असताना आमच्या नाल्याकाठी बुलडोझर आला.
पहिली गेली शेवंताबाई,
रात्री नळावर उभी राहून
दारुड्यांना हाकलायची ती.
दारुडे आठवड्यात परत आले.

मग मी चोरी केली. दोन निर्जंतुक काड्या, पदरात.
रात्री गौतमीच्या गालावर एक फिरवली,
झोपेत तिनं माशी समजून हात मारला.
दुसरी माझ्या गालावर.
दोन बशा, सदतीस अंश, दोन दिवस.
विहिरीतला तो इतक्यात उगवत नाही,
त्याला बिनहवेचा डबा लागतो आणि आठवडाभर धीर.
हे वरचे. पांढरे, साबुदाण्याहून बारीक,
आपापलं अंतर राखून बसलेले.
वाफेनं मार्करची अक्षरं पुसली होती.
कुठली तिची, कुठली माझी,
एकवीस वर्षं बशा बघणाऱ्या मला कळेना.

मॅडम रागावल्या, मग हसल्या.
म्हणाल्या, मूल जन्मतं ना,
तेव्हा पहिले भाडेकरू आईच्या अंगावरून जातात.
मला कमला नेहरूतली ती पहाट आठवली,
नर्सनं तिला पुसायच्या आधी
छातीवर ठेवलं होतं, ओली, चिकट.

मोबाईलवर फोटो दाखवला.
"यातली माझी कुठली?"
"तूच सांग."
बराच वेळ बोटांनी मोठा करून बघत राहिली.
स्कार्फ मानेवर घसरलेला, तिच्या लक्षात नव्हतं.
हनुवटीवर तीन, कपाळावर मोजले नाहीत.
गुरुवारी कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं,
ट्यूब कचऱ्यात,
आणि स्कार्फ रोज धुवायचा, ते काम तिचं.

शनिवारी त्या दोन बशा कुकरात गेल्या,
नियम आहे.
झाकण लावताना मी जरा थांबले.
मग शिट्टी, आणि डब्यातली थंड भाकरी.